ब्रासेरोचा करार मागच्या दाराने आणू नका : अमेरिकेच्या कामगार खात्याला खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री आणि कामगार खाते, वॉशिंग्टन डी. सी.
तसेच अमेरिकी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांतील कामगारविषयक समित्यांचे सदस्य

विषय : एच-२ए या हंगामी शेतकामाच्या व्हिसावरील शेतमजुरांचा दर उतरवणारा २ ऑक्टोबर २०२५ चा नियम मागे घेण्याबाबत

महोदय, महोदया,

२ ऑक्टोबर २०२५ रोजी आपण एच-२ए व्हिसावर येणाऱ्या शेतमजुरांच्या दराचा नवा नियम प्रसिद्ध केला आणि त्याच दिवशी तो लागूही केला. हरकती नोंदवायला मुदत दिली, ती नियम लागू झाल्यानंतरची. या नियमामुळे मजुरांच्या खिशातून मालकांच्या खिशात दरवर्षी सुमारे अडीच अब्ज डॉलर जातील, हा अंदाज कोणा कामगार संघटनेचा नाही; आपल्याच खात्याने तो नियमासोबत छापला आहे. दिवसभर वाकून काम करणाऱ्या माणसाकडून एवढी रक्कम काढून घ्यायची आणि त्याला आधी विचारायचेही नाही, हे आम्हाला मान्य नाही. म्हणून हे पत्र.

आम्ही अमेरिकेत राहणारे मराठी भाषक आहोत; शेती, कामगार कायदा आणि स्थलांतर या विषयांशी आमचा रोजचा संबंध आहे. हे पत्र मराठीत उघड करतो आहोत, कारण आमच्याच लोकांनीही ते वाचावे असे आम्हाला वाटते. १९५२ च्या ज्या कायद्यातून एच-१ आला, आणि पुढे १९९० मध्ये हजारो मराठी कुटुंबांना इथे आणणारा एच-१बी झाला, त्याच कायद्यातून एच-२ आला. १९८६ मध्ये एच-२ चे दोन भाग झाले, त्यांतला शेतीचा तो एच-२ए. तेव्हा हा विषय परक्याचा नाही. शिवाय आम्ही जिथून आलो तिथे दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडच्या गावांतून टोळ्या उसाच्या फडावर निघतात. मुकादमाने आधीच उचल दिलेली असते आणि ती फिटेपर्यंत नवरा-बायकोचा 'कोयता' त्याला बांधलेला असतो. मेक्सिकोत याच पद्धतीला 'एंगांचे' म्हणत आले आहेत. शब्दाचा अर्थ गळाला अडकवणे. ओळखीची गोष्ट ओळखायला आम्हाला वेळ लागत नाही.

आधी थोडा इतिहास, कारण आपला नियम नवा असला तरी त्यामागची युक्ती जुनी आहे : ब्रासेरोची, म्हणजे मेक्सिकोतून मुदतीच्या करारावर मजूर आणण्याच्या योजनेची.

१८८२ मध्ये चिनी मजुरांवर बंदी आली, १९०७-०८ मध्ये जपानी मजुरांचे येणे थांबले. १९०२ च्या पाटबंधारे कायद्यानंतर पश्चिमेच्या कोरड्या जमिनीला पाणी पोचू लागले होते. बीट, कापूस, लेट्यूस यांना हात हवे होते. १९१७ च्या कायद्याने येणाऱ्या प्रत्येकावर साक्षरतेची परीक्षा आणि आठ डॉलरचा कर बसवला, आणि काही महिन्यांतच मेक्सिकन शेतमजुरांना दोन्हींतून सूट दिली. मंदी आली तेव्हा १९३० च्या दशकात त्याच माणसांना लाखोंच्या संख्येने सीमेपार पाठवले. त्यांत इथेच जन्मलेली, अमेरिकी नागरिक असलेली मुलेही होती. कॅलिफोर्निया राज्याने त्याबद्दल २००५ मध्ये कायदा करून माफी मागितली. वॉशिंग्टनने मागितलेली नाही.

मग युद्ध आले आणि तीच माणसे पुन्हा हवीशी झाली. ४ ऑगस्ट १९४२ ला मेक्सिकोशी ब्रासेरो करार झाला. सप्टेंबरअखेर पहिली तुकडी कॅलिफोर्नियात स्टॉकटनला बीटच्या शेतांसाठी उतरली. १९६४ अखेरपर्यंत सुमारे ४६ लाख करार झाले. १९५६ या एका वर्षात जवळजवळ साडेचार लाख. कागदावर अटी वाईट नव्हत्या. तासाला किमान ३० सेंट, राहायला फुकट जागा, कराराच्या दिवसांपैकी तीन-चतुर्थांश काम नक्की, आणि त्या भागातल्या 'चालू दरा'इतकी मजुरी.

ग्यानबाची मेख त्या चालू दरातच होती. हंगामाआधी मळेवाल्यांच्या संघटना एकत्र बसून दर ठरवत. त्या दराला स्थानिक माणूस येत नसे, मग 'मजुरांची टंचाई' जाहीर होई. आपले खाते टंचाई असल्याचे प्रमाणपत्र देई, आणि त्याच दराने ब्रासेरो येत. सगळे मळे त्याच दराने भरले की तोच 'चालू दर' ठरे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. कामगार नेते एर्नेस्तो गालार्सा यांनी हे सगळे १९५६ मध्ये मजुरांच्या छावण्यांतून फिरून पुराव्यानिशी मांडले होते. सीमेवरच्या केंद्रांत या माणसांना नागवे उभे करून अंगावर डीडीटीची भुकटी मारली जाई. १९४२ ते १९४९ या काळात मजुरीतून दहा टक्के 'बचत' म्हणून कापले. ते पैसे सॅन फ्रान्सिस्कोतून मेक्सिकोच्या बँकांत गेले आणि असंख्य मजुरांच्या हाती कधी पडलेच नाहीत. मेक्सिको सरकारने २००५ मध्ये निधी काढून ३८,००० पेसो देऊ केले, तेही ज्यांनी साठ वर्षांपूर्वीचे कागद जपून ठेवले होते त्यांना.

चालू दराचे हे चक्र तोडण्यासाठी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याच खात्याने वेगळा दर आणला : परदेशी मजूर आल्याने स्थानिकांच्या मजुरीवर प्रतिकूल परिणाम होऊ नये, म्हणून त्यापेक्षा कमी देता येणार नाही असा दर. १९८६ च्या कायद्यातही तेच तत्त्व आहे. एच-२ए मध्ये आजही फुकट घर आहे, तीन-चतुर्थांश कामाची हमी आहे, एका मालकाशी बांधलेला करार आहे. म्हणजे बाकी सगळे ब्रासेरोचेच आहे. फरक आहे तो मुख्यतः या दराचा, आणि तोच आपण काढून घेतला.

आता तक्रारी एकेक करून.

पहिली तक्रार दर काढण्याच्या पद्धतीबद्दल. आजवर कृषी खाते शेतमालकांनाच विचारत असे : जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमधल्या ठरावीक आठवड्यात शेतावरच्या आणि गोठ्यातल्या मजुरांना एकूण किती पैसे दिले आणि एकूण किती तास काम झाले. एकाला दुसऱ्याने भागले की त्या विभागाची तासाची सरासरी निघे. हिशेब सोपा होता आणि तो मालकांच्याच आकड्यांवर होता. कॅलिफोर्नियाचा २०२५ चा दर असाच १९ डॉलर ९७ सेंट निघाला. २०२५ मध्ये कृषी खात्याने ही पाहणीच बंद केली, आणि आकडे मिळत नाहीत हे कारण पुढे करून आपण दुसरी पाहणी स्वीकारली. ती शेतमालकांना विचारतच नाही. ती बघते मजूर पुरवणारे कंत्राटदार आणि शेतीला सेवा देणाऱ्या कंपन्या. जिथे दर मुळातच कमी, तिथले मोजमाप घेऊन ते सगळ्या शेतांना लावले आहे.

त्यावर आपण कौशल्याच्या दोन पातळ्या केल्या. अनुभवाची अट नसलेले काम पहिल्या पातळीत, आणि आपल्याच अंदाजाने जवळजवळ सगळे मजूर याच पातळीत बसतात. तिचा दर कसा ठरतो? शंभर मजूर दराच्या चढत्या क्रमाने उभे केले तर साधारण सतराव्याला जे मिळते, तो. सरासरी दर हा तळ होता. आता तळाच्या खालचा दर तळ झाला.

आणि ज्याला आपण पहिल्या पातळीचे काम म्हणता त्याकडे जरा बघा. स्ट्रॉबेरी खुडताना पाऊण भाग लाल झालेले फळच घ्यायचे, हिरवी टोपी शाबूत ठेवून देठ मोडायचा, फळाला दुसऱ्यांदा बोट लावायचे नाही, आणि ते तिथल्या तिथे एक पौंडाच्या डबीत मांडायचे. अशा आठ डब्यांचा एक ट्रे. ही डबी पुढे कुठेही उघडली जात नाही, धुतली जात नाही, निवडली जात नाही. खुडणाऱ्यानंतर फळाला हात लागतो तो थेट गिऱ्हाइकाचा. एका डागाळलेल्या फळाने ट्रे परत येतो. महाबळेश्वरच्या वाफ्यांत ज्यांनी फळ खुडले आहे त्यांना हे सांगायला नको. लेट्यूसच्या टोळीत गड्डा बुडाशी कापणे, बाहेरची पाने उतरवणे आणि चोवीस गड्ड्यांचे खोके भरणे हे चालत्या यंत्राच्या वेगाशी जुळवून करावे लागते. या कामाला अनुभव लागत नाही असे फक्त अर्जात लिहिता येते.

तिसरी कपात घराची. एच-२ए मध्ये मजुराला घर फुकट द्यायचे, असे कायदा सांगतो. आपण परदेशी मजुराच्या दरातून घराच्या किमतीपोटी तासाला ठरावीक रक्कम वजा करायची मुभा दिली. कायद्याने जे भाडे घेता येत नाही, ते दर कमी करून घेतले जाणार.

कॅलिफोर्नियात या सगळ्याचा परिणाम असा की पहिल्या पातळीचा दर राज्याच्या किमान वेतनावर, म्हणजे २०२६ मध्ये १६ डॉलर ९० सेंटवर येऊन टेकतो. तासाला ३ डॉलर ७ सेंट गेले. पन्नास तासांचा आठवडा आणि तीस आठवड्यांचा करार धरला तर एका माणसाचे ४,६०५ डॉलर. निदान तिथे राज्याने धरून ठेवलेला तळ आहे. जॉर्जिया, मिसिसिपी अशा राज्यांत खाली उरतो तो ७ डॉलर २५ सेंटचा केंद्रीय दर, जो २००९ पासून हललेला नाही.

ग्रामीण अर्थव्यवस्था वाचवायला हे करावे लागते, असे सांगितले जाते. कोणाची ग्रामीण अर्थव्यवस्था? १९४४ मध्ये आपल्याच कृषी खात्यासाठी मानवशास्त्रज्ञ वॉल्टर गोल्डश्मिट यांनी कॅलिफोर्नियातली आर्विन आणि डिन्यूबा ही दोन गावे तपासली. दोन्हीकडच्या शेतमालाची किंमत साधारण सारखी. आर्विनला मोठे मळे आणि कमावत्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश लोक रोजंदारीवर. डिन्यूबाला लहान शेतकरी आणि रोजंदार एक-तृतीयांशापेक्षा कमी. डिन्यूबात दुकाने जास्त, शाळा जास्त, बागा जास्त, गावाच्या कारभारावर लोकांचा हात जास्त. पैसा जमिनीतून तेवढाच निघत होता. आर्विनमधून तो बाहेर जात होता. मजुरी गावातच खर्च होते : किराण्यात, चपलांत, गाडीच्या टायरमध्ये. नफा गावाबाहेरच्या मालकाकडे जातो. आज फ्रेस्नो, टुलारी आणि कर्न हे जिल्हे शेती उत्पन्नात देशात अगदी वरच्या रांगेत आहेत, आणि गरिबीच्या तक्त्यांतही त्यांची नावे वरच येतात. विहिरींच्या पाण्यात खतांचे नायट्रेट उतरलेल्या वस्त्या याच पट्ट्यात आहेत, आणि त्या वस्त्यांत तेच लोक राहतात जे शेजारच्या मळ्यात खुडणी करतात. दर उतरवून ही दरी वाढेल.

भाजी महाग होईल हेही कारण दिले जाते. दुकानात ताज्या भाजीवर एक डॉलर खर्च केला तर त्यात शेतमजुराचा वाटा साधारण दहा सेंटांचा. फ्लोरिडात इमोकली गावच्या मजुरांनी मोठ्या खरेदीदारांकडून टोमॅटोच्या पौंडामागे एक सेंट जास्त मागितला आणि मिळवला. त्याआधी ३२ पौंडांच्या बादलीला सुमारे ५० सेंट मिळत. किमान वेतन पदरात पडायला दिवसाला सव्वादोन टन टोमॅटो तोडावे लागत. बादली काठोकाठ भरून वर ढीग केल्याशिवाय मुकादम टोकन देत नसे, म्हणजे प्रत्येक बादलीत काही पौंड फुकट. २०११ पासूनच्या करारात ढीग लावायला मनाई झाली. यामुळे कोणाचा टोमॅटो परवडेनासा झाला नाही.

दुसरी तक्रार बांधिलकीची. व्हिसा एका मालकाच्या नावावर असतो. जानेवारी २०२५ च्या नियमाने मजुराला मालक बदलायची मुभा आणि काम सुटल्यावर साठ दिवसांची मुदत मिळाली, हे खरे. पण नव्या मालकाला कामाची मागणी आपल्या खात्याकडे काम सुरू होण्याच्या ७५ ते ६० दिवस आधी दाखल करावी लागते, मग आपले प्रमाणपत्र, मग स्थलांतर खात्याकडे अर्ज. साठ दिवसांत हे कसे बसणार? ज्याच्याकडे आधीच प्रमाणपत्र आहे आणि जागा रिकामी आहे असाच मालक त्याला घेऊ शकतो, आणि तो कुठे आहे हे गावाबाहेरच्या छावणीत, गाडीविना राहणाऱ्या माणसाला कळायचा मार्ग नाही. त्यांच्यातल्या कित्येकांची भाषा स्पॅनिशही नाही; मेक्सिकोतल्या वाहाका आणि गेरेरो राज्यांतून आलेले लोक मिश्तेको, त्रिकी, सापोतेको बोलतात. ज्याला काम सोडून जाता येत नाही त्याला दराची घासाघीस करता येत नाही. सरकारने तळ ठरवायचा तो याचसाठी. एका हाताने माणूस बांधायचा आणि दुसऱ्या हाताने तळ काढायचा, हे दोन्ही एकदम करता येणार नाही.

तिसरी तक्रार भरतीची. मजुराकडून भरतीचे पैसे घ्यायला बंदी आहे, तरी मेक्सिकोतल्या गावागावांत ते घेतले जातात, कारण घेणारा सीमेपलीकडे असतो आणि मालक म्हणतो, मला माहीत नव्हते. मजूर कर्ज काढून येतो, आणि कर्ज फिटेपर्यंत तोंड उघडत नाही. यातून काय होते ते २०२१ मध्ये जॉर्जियात दाखल झालेल्या फौजदारी खटल्याच्या आरोपपत्रात आहे. मजुरांना बंदुकीच्या धाकाने नुसत्या हातांनी कांदा उपटायला लावला, बादलीला २० सेंट दिले, कागदपत्रे काढून घेतली, आणि किमान दोघे कामाच्या परिस्थितीमुळे मेले, असा आरोप आहे. लासलगाव-निफाडच्या लोकांना वेगळे सांगायला नको, की कांदा काढताना मातीत बोटे घालून दिवस काढणे म्हणजे नखांचे काय होते. हे सगळे एच-२ए च्या रीतसर कागदांवर आलेले मजूर होते. देशभर मजुरी तपासणाऱ्या आपल्या निरीक्षकांची संख्या हजाराच्याही खाली आहे. एखाद्या मळ्याची वर्षभरात तपासणी होण्याची शक्यता शंभरात जेमतेम एक. दुसरीकडे या व्हिसाच्या मंजूर जागा २००५ च्या सुमारे ४८,००० वरून २०२३ मध्ये ३,७८,००० वर गेल्या.

चौथी तक्रार वाहतुकीची. १७ सप्टेंबर १९६३ रोजी कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यात च्युअलारजवळ रेल्वे फाटकावर एका गाडीला आगगाडीने धडक दिली आणि ३२ ब्रासेरो मेले. ती गाडी म्हणजे सपाट ट्रकवर लांब बाके ठोकून केलेली 'बस' होती. १४ मे २०२४ रोजी फ्लोरिडाच्या मॅरियन जिल्ह्यात कलिंगडाच्या मळ्याकडे निघालेली जुनी स्कूलबस उलटली आणि आठ मेक्सिकन मजूर मेले. मधे साठ वर्षे गेली. मजूर मालकाच्या घरात राहतो, त्याच्याकडे गाडी नसते, म्हणून पहाटेची ही बस टाळणे त्याच्या हातात नाही. २०२४ च्या नियमात आपण इतकेच म्हटले होते की ज्या गाडीला बनवतानाच सुरक्षा पट्टे (सीटबेल्ट) असतात तिच्यात ते शाबूत असावेत आणि लावल्याशिवाय गाडी हलू नये. जुन्या स्कूलबसना तो लागूही होत नव्हता. नियम अपुरा होता. तो वाढवायला हवा होता. २० जून २०२५ रोजी आपण त्याची अंमलबजावणीच थांबवली. त्याच नियमात कारणाशिवाय कामावरून काढू नये, भरती करणाऱ्यांची नावे जाहीर करावीत, संघटित होणाऱ्यावर सूड उगवू नये, हेही होते. त्याचीही अंमलबजावणी थांबली.

पाचवी, उन्हाची. केंद्राचा उन्हाविषयी नियम आजही नाही. २०२४ मध्ये मसुदा आला आणि तिथेच राहिला. कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये केला आणि पुढे कडक केला : आता ८० अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे २७ सेल्सियसला सावली तयार हवी, माणशी तासाला सुमारे एक लिटर पाणी, ९५ अंशांना जास्तीची देखरेख, नव्या माणसावर पहिले १४ दिवस लक्ष. शेवटचे कलम सगळ्यांत महत्त्वाचे आहे. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि मृत्यू पहिल्या काही दिवसांत होतात. बसने लांबचा प्रवास करून आलेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी उक्त्या दराने तोडणीला लावले तर तो पाण्याला थांबत नाही, कारण थांबणे म्हणजे बादली बुडणे. विश्रांतीच्या मिनिटांचे पैसे वेगळे दिल्याशिवाय सावलीच्या तंबूत कोणी जाणार नाही. २००८ मध्ये स्टॉकटनजवळच्या द्राक्षमळ्यात १७ वर्षांची गरोदर मुलगी उन्हाने गेली, तेव्हा तिथे नियम होता आणि तपासणारा नव्हता. फ्लोरिडा आणि टेक्सास यांनी तर स्थानिक संस्थांना असे नियम करायलाच मनाई केली आहे.

सहावी तक्रार काँग्रेसकडे. १९३५ च्या कायद्याने देशातल्या कामगारांना संघटनेचा हक्क दिला, शेतमजूर वगळून. १९३८ च्या कायद्याने किमान वेतन आणि जादा कामाचा दीडपट दर दिला, शेतमजूर वगळून. दक्षिणेतल्या खासदारांना आपल्या शेतांवरचे काळे मजूर या कायद्यांबाहेर हवे होते. त्याचा फटका पश्चिमेत मेक्सिकन आणि फिलिपिनो मजुरांनाही बसला. १९६६ मध्ये मोठ्या शेतांवरच्या मजुरांना किमान वेतन मिळाले. जादा कामाचा दर केंद्रीय कायद्यात आजही नाही. कॅलिफोर्नियाने तो दिला, आणि तिथली शेती बंद पडली नाही. हातभर दांड्याच्या खुरप्याविषयीही हेच झाले होते. बीट आणि लेट्यूसची विरळणी लांब दांड्याने जमणारच नाही, असे मळेवाले वर्षानुवर्षे सांगत राहिले, आणि मजुरांच्या पाठी कायमच्या मोडत राहिल्या. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात ते खुरपे बंद झाले. लेट्यूस अजूनही पिकते आहे.

आम्ही हा मार्ग बंद करा असे म्हणत नाही, हे स्पष्ट करू द्या. ब्रासेरो संपल्यावर स्थानिक मजुरी वाढेल अशी आशा होती; तसे घडले नाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठाने कडक सालीचा टोमॅटो आणि तो काढणारे यंत्र आधीच तयार ठेवले होते आणि काही वर्षांत त्या पिकातली हातांची तोडणी जवळजवळ संपली. माणसे घालवल्याने उरलेल्यांचे भले होत नाही. त्यांना हक्क दिल्याने होते.

ही माणसे का येतात, याच्या उत्तराचाही थोडा भाग अमेरिकेकडे आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीतून पुढे मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर काम केले, आणि लहान शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेराने मेक्सिको सिटीतल्या भित्तिचित्रात भाकरी वाटणारा जो माणूस काढला तो खानखोजेंवरून. त्या शाळा ज्या शेतकऱ्यासाठी होत्या, त्याने आपल्या तुकड्यावर मका पिकवून जगावे असा हेतू होता. १९९२ मध्ये मेक्सिकोने राज्यघटनेचे कलम २७ बदलून एहिदोच्या सामुदायिक जमिनींचे वाटप थांबवले. १९९४ पासून मुक्त व्यापार करारामुळे अनुदानावर पिकलेला अमेरिकी मका तिथे उतरू लागला आणि २००८ पर्यंत उरलीसुरली जकातही गेली. त्याच मक्याने उठवलेला माणूस आज आपल्या सतराव्या क्रमांकाच्या दराने इथे राबतो आहे. आपल्या पाहणीनुसार शेतमजुरांपैकी दहातले सुमारे सहा मेक्सिकोत जन्मलेले आणि दहातले सुमारे चार कागदांविना आहेत. नव्या नियमात आपणच लिहिले आहे की स्थलांतरितांवरच्या कारवाईने मजूर कमी होऊन अन्नपुरवठ्याला धोका आहे. मग वीस-वीस वर्षे इथे राबलेल्यांना कागद द्यायचे सोडून, त्यांच्या जागी स्वस्त आणि बांधलेली माणसे आणणे हा त्यावरचा उपाय कसा?

आमच्या मागण्या :

२ ऑक्टोबर २०२५ चा दराचा नियम मागे घ्यावा, आणि या काळात कमी मिळालेली मजुरी फरकासह द्यायला लावावी.

शेतमजुरीची कृषी खात्याची पाहणी पुन्हा सुरू करावी आणि दर तिच्यावरूनच ठरवावा. घराची कपात रद्द करावी.

२०२४ च्या नियमाची अंमलबजावणी सुरू करावी. मजूर नेणाऱ्या प्रत्येक बसला, जुन्या स्कूलबसलाही, पट्टे सक्तीचे करावेत.

एच-२ए मजुराला शेतीतल्या कोणत्याही नोंदणीकृत मालकाकडे, नव्या प्रमाणपत्राची वाट न पाहता, जाता यावे. रिकाम्या जागांची यादी स्पॅनिशमध्ये आणि आदिवासी भाषांत ध्वनिमुद्रित स्वरूपात उपलब्ध करावी.

भरतीचे पैसे कोणीही घेतले तरी परतफेडीची जबाबदारी मालकावर टाकावी. माहीत नव्हते, ही सबब चालू नये.

उन्हाचा केंद्रीय नियम अंतिम करावा. त्यात नव्या मजुराचे पहिले १४ दिवस आणि उक्त्या कामातली विश्रांती पगारी असावी.

निरीक्षकांची संख्या एच-२ए जागांच्या वाढीशी बांधावी.

काँग्रेसने १९३५ आणि १९३८ च्या कायद्यांतली शेतमजुरांची वगळणूक काढावी. इथे आधीपासून राबणाऱ्यांना कायम वास्तव्य देणारा कायदा प्रतिनिधिगृहाने २०१९ आणि २०२१ मध्ये मंजूर केला होता आणि दोन्ही वेळा तो सिनेटमध्ये अडला. तो पुन्हा आणावा.

ब्रासेरोंच्या दहा टक्के कपातीच्या अमेरिकेतल्या सगळ्या नोंदी नावनिशीवार खुल्या कराव्यात, म्हणजे त्यांच्या मुलानातवंडांना मेक्सिकोत दावा करता येईल.

पुढच्या हंगामाच्या मागण्या काम सुरू होण्याच्या ७५ दिवस आधीपासून दाखल होतात. त्याआधी आपले उत्तर जाहीरपणे मिळावे, ही विनंती.

आपले,
अमेरिकेत राहणारे काही मराठी भाषक